पाच वर्षे आणि दोन दिवस

गेल्या कार्तिकात आदिलाबाद जिल्ह्यातील जैनथ या गावी जाण्याचा योग आला. तेथील लक्ष्मीनारायणाचे दगडी मंदिर फार जुने आहे, आणि परमार राजा जगद्देवाचा शिलालेख याच गावचा म्हणून इतिहासाच्या अभ्यासकांना जैनथचे नाव ठाऊक असते. पैनगंगा ओलांडली की पलीकडे यवतमाळ जिल्हा. त्यामुळे बाजारात एकाच माणसाच्या तोंडून तेलुगू आणि मराठी अशा दोन्ही भाषा ऐकू येतात, आणि कोणती कोठे संपली हे त्यालाही सांगता येत नाही.

ज्यांच्या घरी उतरलो ते गुरुजी शाळेतून निवृत्त झालेले. रात्रीची जेवणे आटोपल्यावर त्यांनी कपाटातून एक वही काढली. संगीत नाटकाचा पहिला अंक होता. अठराव्या वर्षापासून हे नाटक डोक्यात आहे, पण बहिणींची लग्ने, नोकरी, मुलांची शिक्षणे यांत ते राहून गेले, असे त्यांनी सांगितले. आता चौसष्टावे चालू आहे. पदे लिहून झाली आहेत, चाली हव्यात. मी गाणे शिकवतो म्हणून माझ्यापुढे वही ठेवली. हे काय नाटके लिहिण्याचे वय आहे का, असे त्यांच्या सौभाग्यवतींनी दुधाचा पेला माझ्यापुढे ठेवता ठेवता विचारले. प्रश्न त्यांना होता की मला, कोण जाणे. त्या वेळी मी हसून वेळ मारून नेली. परतीच्या प्रवासात मात्र तो प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना, आणि त्याबरोबर एका माणसाची आठवण सारखी येत राहिली. तो माणूस म्हणजे बळवंत पांडुरंग तथा अण्णासाहेब किर्लोस्कर.

अण्णासाहेबांचे नाव घेतले की आपल्या डोळ्यांपुढे येतात ती शाकुंतल आणि सौभद्र ही दोन नाटके. जणू हा गृहस्थ जन्मतःच नाटककार होता, आणि मराठी संगीत रंगभूमी त्याने एका सकाळी उठून उभी केली! प्रत्यक्षात शाकुंतलाचा पडदा वर गेला तेव्हा ते सदतीस वर्षांचे होते, सरकारी कचेरीत नोकरीला होते, आणि नाटककार होण्याची त्यांची इच्छा जवळजवळ वीस वर्षे कागदांच्या ढिगाखाली पडून होती.

त्यांचा जन्म 31 मार्च 1843 चा, बेळगाव जिल्ह्यातील सौंदत्तीकडच्या गुर्लहोसूर या गावचा. (याच गावी पुढे 1869 साली लक्ष्मणराव किर्लोस्कर जन्मले, ज्यांच्या कारखान्याने कुंडलचे माळरान हालते केले. एका लहानशा गावाने महाराष्ट्राला लोखंडी नांगरही दिला आणि नाट्यपदेही दिली.) घराणे मूळचे कोकणातले, पण पिढ्या कानडी मुलुखात गेल्या. घरात मराठी, अंगणात कानडी, आणि देवघरात संस्कृत. हे तिन्ही सूर त्या मुलाच्या कानांवर एकदमच पडले. सांगलीकर वाचकांना आणखी एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. अण्णासाहेब सात महिन्यांचे होते, तेव्हा 5 नोव्हेंबर 1843 रोजी आपल्या याच गावी श्रीमंत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवराचा खेळ केला. मराठी नाटक आणि त्याला गळा देणारा पुरुष हे दोघे एकाच सालचे.

धारवाड, कोल्हापूर, पुणे अशी त्यांची शिक्षणाची वाट. पुण्यात ते 1863 च्या सुमारास आले, आणि तेथे व्हायचे ते झाले. अभ्यास बाजूला राहिला, आणि हा मुलगा नाटकमंडळ्यांच्या बिऱ्हाडी रमू लागला. मंडळ्यांना पदे हवी असत; याला पदे सुचत. कीर्तनकारांच्या नादाने आख्यानेही रचून झाली. मित्र जमवून एक हौशी मंडळीही काढून पाहिली. अल्लाउद्दिनाच्या चितोडवरील स्वारीवर एक नाटक लिहावयास घेतले, ते अपुरेच राहिले. पदवी तर नाहीच, नाटकातही जम नाही, अशा स्थितीत घरी परतण्याची पाळी आली. त्या काळी नाटकवाल्या मुलाकडे घरचे लोक कोणत्या नजरेने पाहत, हे नव्या पिढीला सांगून पटणार नाही. माझे वडील तरुणपणी संस्थानच्या दरबारात गात. मी त्यांचा उतारवयातला मुलगा. दरबारचा गवई म्हणून मान मिळत असूनही, नाटकात कधी गायलो नाही हे ते शेवटपर्यंत आवर्जून सांगत. त्यांच्या लहानपणी ही स्थिती, तर त्याच्या साठ-सत्तर वर्षे आधीची गोष्ट काय असेल!

मग नोकरी. बेळगावात त्यांनी शिक्षकी केली; काही दिवस पोलीस खात्यातही काढले. पुढे रेव्हेन्यू कमिशनरांच्या कचेरीत जागा मिळाली आणि त्या निमित्ताने पुन्हा पुण्यास येणे झाले. मधल्या काळात 1873 साली आद्य शंकराचार्यांवरचे शंकरदिग्विजय हे गद्य नाटक त्यांच्या हातून प्रसिद्ध झाले. आज ते कोणाच्या वाचनात नाही, आणि खरे सांगायचे तर अण्णासाहेबांचे नाव त्यावर नसते तर त्याची आठवणही राहिली नसती. तीस वर्षांचा शिक्षक, एक पडलेले पुस्तक, एक अपुरे हस्तलिखित. शंभरातील नव्याण्णव माणसे येथे थांबतात, आणि थांबल्याबद्दल त्यांना कोणी दोषही देत नाही. संसार असतो, पगाराची तारीख असते.

पण बेळगावच्या त्या वर्षांचा हिशेब मी तरी नुकसानीच्या बाजूला मांडत नाही. एक तर तेथे त्यांना गोविंद बल्लाळ देवल भेटले. हरिपूरचे हे देवल, म्हणजे आपल्या घरचेच. पुढे 1899 साली शारदा लिहिणारे. तरुण देवलांना नाटकाची दीक्षा मिळाली ती अण्णासाहेबांच्या सहवासात. दुसरे असे की, कानडी मुलुखातील गाणे त्यांच्या कानांत मुरत गेले. त्या भागात श्रीकृष्ण पारिजाताचा खेळ रात्र रात्र चालतो. कृष्ण, रुक्मिणी, सत्यभामा स्वतः गातात, भांडतात, रुसतात. बायकांची कानडी गाणी, दासांची पदे, सीमेवरच्या मराठी घरांतील ओव्या, हे सारे ज्याने वर्षानुवर्षे ऐकले त्याच्याजवळ चालींचा केवढा साठा जमला असेल याची कल्पना गाणाऱ्याला सहज करता येईल. कचेरीत हात चालत असेल, कान मात्र आपले काम करीत होता.

1880 साल उजाडले. पुण्यात एका पारशी नाटक मंडळीने इंद्रसभेचा खेळ लावला होता. तो उर्दू गाण्यांचा, परीराण्यांचा, झगमगाटाचा खेळ अण्णासाहेबांनी पाहिला. थिएटरात गर्दी लोटली होती आणि लोक खुळावून ऐकत होते. आपल्या भाषेत असे का नसावे, हा विचार त्यांच्या मनात तेथे शिरला असे त्यांचे चरित्रकार सांगतात. माझा तर्क असा की विचार जुनाच असावा. इंद्रसभेने त्याला फक्त डिवचले. कारण घरी येऊन त्यांनी जे हाती घेतले ते इंद्रसभेसारखे मुळीच नव्हते. त्यांनी कालिदास हाती घेतला.

येथे थोडे थांबून, त्यांनी केले ते नेमके काय हे सांगावयास हवे, कारण आज सौभद्र ऐकणाऱ्याला त्यात काही नवे होते हेच ध्यानी येत नाही.

भाव्यांच्या परंपरेतील पौराणिक खेळात गाणे होते. पण ते सूत्रधाराचे होते. सूत्रधार आणि त्याचे साथीदार रंगभूमीच्या एका बाजूला उभे असत. राजाला शोक झाला की सूत्रधार त्या शोकाचे पद गाई. राजा तोवर हावभाव करी, आणि पद संपले की मनास येईल ते भाषण करी. राक्षस आले की आरडाओरडा आणि तलवारींचा खणखणाट. त्यामुळे या खेळांना अललडुर्र असे थट्टेचे नाव पडले. दुसऱ्या बाजूला शिकलेली मंडळी होती. त्यांनी 1861 साली विनायक जनार्दन कीर्तन्यांचे थोरले माधवराव पेशवे वाचले होते. त्यांना लिहिलेले, बांधेसूद, गद्य नाटक हवे होते. म्हणजे गाणे एका घरी आणि नाटक दुसऱ्या घरी अशी वाटणी झाली होती. मुंबईत सोकर बापूजी त्रिलोकेकरांनी 1879 साली नलदमयंतीचे गाण्यांचे नाटक केले होते, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. पहिलेपणाचा मान त्यांना द्यावा असे म्हणणारे जाणकार आहेत. पण दोन्ही घरे एका छपराखाली कायमची नांदू लागली ती अण्णासाहेबांमुळे. त्यांनी सूत्रधाराला नांदी आणि प्रवेश उरकून आत पाठविले, आणि ज्याचे दुःख त्याच्याच तोंडी त्याचे पद दिले. दुष्यंत स्वतः गाऊ लागला. शकुंतला स्वतः गाऊ लागली. कण्व लेकीला सासरी पाठविताना स्वतः गाऊ लागला. आज हे इतके स्वाभाविक वाटते की, यात शोध तो काय, असे कोणीही विचारील!

आणि चाली? त्या त्यांनी लोकांच्या ओळखीच्या घेतल्या. साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत, ओवी, लावणी, कीर्तनातील पदे, कानडी गाण्यांचे मोड. ज्याने गाणे शिकवले आहे त्याला यातील शहाणपण कळेल. श्रोता चालीशी आधीच परिचित असला की त्याचे लक्ष शब्दांकडे जाते, आणि शब्दांकडे गेले की नाटक पुढे सरकते. अण्णासाहेबांची पदे आटोपशीर आहेत. प्रसंगाची गरज संपली की पद संपते. पुढच्या काळात मोठमोठे गवई रंगभूमीवर आले, एकेका पदाला अर्धा अर्धा तास मिळू लागला आणि सौभद्राची मैफल झाली. त्याचा आनंद मीही लुटला आहे. तरीही विद्यार्थ्याला पद देताना मी ते आधी अण्णासाहेबांच्या मापाने म्हणावयास लावतो. ताना मागाहून.

शाकुंतलाचे लेखन कचेरी सांभाळून चालले होते. लिहून झालेले पद संध्याकाळी मित्रांना ऐकवावे, कोणाच्या गळ्यात बसते ते पाहावे, न बसले तर बदलावे, असा क्रम. नट म्हणजे काही बाजारात मिळणारे धंदेवाले नव्हेत. गाणारे, हौशी, ओळखीपाळखीचे लोक. मोरोबा वाघोलीकर दुष्यंत झाले. बाळकोबा नाटेकरांसारखा कसलेला गळा कण्वाला मिळाला. शकुंतलेची भूमिका शंकरराव मुजुमदारांकडे गेली, आणि पुढे अण्णासाहेबांचे चरित्र लिहिले तेही त्यांनीच. सूत्रधार स्वतः अण्णासाहेब. दसऱ्याच्या सुमारास रंगीत तालीम झाली. सातांपैकी चारच अंक तयार होते. उरलेले लिहून होईपर्यंत थांबावे, असे एखाद्या सावध माणसाने ठरविले असते. अण्णासाहेब थांबले नाहीत. मला या माणसाविषयी सर्वांत अधिक आदर वाटतो तो येथे. वीस वर्षे थांबलेल्या माणसाने आणखी तीन अंकांसाठी थांबण्याचे नाकारले.

31 ऑक्टोबर 1880. रविवार होता, दिवाळी तोंडावर आली होती. पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात शाकुंतलाच्या चार अंकांचा पहिला प्रयोग झाला. पुढली हकीकत सर्वश्रुत आहे. ज्या सुशिक्षितांना नाटकाला जाणे कमीपणाचे वाटे ते कुटुंबासह येऊ लागले. पदे घराघरांत, आळीआळींत गेली. उरलेले अंकही यथावकाश रंगभूमीवर आले, आणि किर्लोस्कर नाटक मंडळी हे नाव कायम झाले.

शाकुंतल काही झाले तरी कालिदासाचे. अण्णासाहेबांचे स्वतःचे म्हणावे असे नाटक सौभद्र. त्याचे पहिले तीन अंक 18 नोव्हेंबर 1882 रोजी पुण्यास रंगभूमीवर आले. याही वेळी अर्धे नाटक घेऊनच ते लोकांपुढे गेले, हा त्यांचा स्वभावच दिसतो! कथा महाभारतातील, पण मांडणी पाहावी तर आपल्याकडच्या एखाद्या वाड्यातील. थोरल्या भावाने बहिणीचे लग्न आपल्या मर्जीने दुर्योधनाशी ठरविलेले, धाकटा भाऊ वरवर मान डोलावून आतून वेगळाच डाव मांडणारा, वहिनी दोहोंच्या मध्ये, आणि नवरामुलगा संन्याशाच्या वेषात दारात. बलराम रागावतो तोसुद्धा घरातील कर्त्या पुरुषासारखा, देवासारखा नव्हे. अशी घरे, असे थोरले भाऊ, अशा अबोल मुली अण्णासाहेबांनी आयुष्यभर जवळून पाहिल्या होत्या. विशीतल्या अण्णासाहेबांना अल्लाउद्दिनाची स्वारी हवी होती. चाळिशीला टेकलेल्या अण्णासाहेबांना घरातील रुसवाफुगवा पुरेसा वाटला. नाटककार म्हणून त्यांची वाढ मोजायची असेल तर एवढे एकच माप पुरे आहे.

त्याच साली बडोद्याहून एक एकोणीस वर्षांचा मुलगा मंडळीत आला. भाऊराव कोल्हटकर. त्यांच्या आवाजाविषयी जुन्या लोकांनी जे लिहून ठेवले आहे ते वाचून आपण केवळ हळहळावे, कारण ते 1901 साली वारले आणि तो आवाज ध्वनिमुद्रिकेत राहिला नाही. त्यांनी शकुंतला केली, सुभद्रा केली, आणि मंडळीचे भाग्य उजळले.

1884 साली रामराज्यवियोग आले. रामाला वनवास घडतो ती कथा. याचेही तीनच अंक घेऊन अण्णासाहेब लोकांपुढे आले. मंथरेच्या भूमिकेत भाऊरावांनी पुन्हा कमाल केली. शाकुंतल आणि सौभद्र पुढे पुरी झाली, तसे हेही होईल अशी सर्वांची खात्री होती. पण प्रकृती ढासळली. अण्णासाहेब गुर्लहोसुरास परतले, आणि 2 नोव्हेंबर 1885 रोजी तेथेच त्यांचा अंत झाला. वय अवघे बेचाळीस. रामराज्यवियोगाचा चौथा अंक लिहिला गेलाच नाही. राम वनात गेला तो मराठी रंगभूमीवर परत आलाच नाही.

पहिल्या प्रयोगाच्या दिवसापासून मोजले तर ही पाच वर्षे आणि दोन दिवस होतात. एवढ्या मुदतीत अडीच नाटके. सदतिसावे वर्ष म्हणजे काही म्हातारपण नव्हे असे कोणी म्हणेल, आणि ते खरेच आहे. पण बेचाळीस वर्षांच्या आयुष्यात सदतिसावे म्हणजे दिवेलागण. ते त्यांना ठाऊक नव्हते. मी स्वतः त्यांच्या मृत्यूच्या वयापेक्षा आज काही वर्षांनी मोठा आहे, आणि हा हिशेब मी पहिल्यांदा केला तेव्हा तंबोरा खाली ठेवून बराच वेळ तसाच बसलो होतो.

मागे राहिलेल्यांनी मंडळी मोडू दिली नाही. देवल होते, भाऊराव होते, नाटेकर होते. 1905 साली नारायण राजहंस नावाचा मुलगा याच मंडळीत दाखल झाला. त्याला आपण बालगंधर्व म्हणून ओळखतो. 1913 साली गंधर्व नाटक मंडळी वेगळी निघाली तरी सौभद्र तिनेही सोडले नाही. आपल्या भावे नाट्यमंदिरात सौभद्राचा प्रयोग लागला की आजही लोक तिकिटे काढतात, आणि पुढच्या रांगेतील वृद्ध मंडळी ओठांतल्या ओठांत पदे म्हणत असतात. गुर्लहोसूर आज कर्नाटकात आहे. सीमेचे वाद आपल्या जागी. सौभद्रातील चालींना कानडी माणूस आपल्या म्हणतो आणि मराठी माणूस आपल्या म्हणतो, आणि दोघांचेही खरे आहे.

जैनथच्या गुरुजींना मी हे सर्व पत्राने कळविले. अण्णासाहेबांचे वयही कळविले, आणि चार अंकांवर पडदा वर नेल्याची हकीकतही. सौभाग्यवतींच्या प्रश्नाला पत्रात उत्तर दिले नाही. ते त्यांचे त्यांनी पाहावे. पंधरा दिवसांनी दुसऱ्या अंकाची पाने आली. सोबत एक पद वेगळ्या कागदावर, सुवाच्य अक्षरात, शाळेत फळ्यावर लिहावे तसे. नायिका पैनगंगेच्या काठी उभी आहे आणि पलीकडच्या तीरावरील आपल्या माहेराकडे पाहते आहे. पेटी काढून म्हणून पाहिले. दिंडीच्या चालीत चांगले बसते; फक्त तिसऱ्या ओळीत दोन मात्रा जास्त होतात. त्या कोठे कमी करता येतील ते लिहून पान परत पाठविले आहे.